आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या कृष्णवर्णीय डॉक्टरणी : कागद शोधतानाचा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरलं की महिला दिनाला आनंदीबाई जोशींवर चार फलक लावायचे. मी मूळची कल्याणची, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतचाच. ते चार फलक कसेबसे वेळेवर लागले, पण काम काही संपलं नाही. आनंदीबाई ज्या कॉलेजात शिकल्या, तिथे त्यांच्या आधी, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर शिकलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची नीट नोंद करायची, असं ते वाढत गेलं आणि यंदाच्या मार्चपर्यंत चाललं. अशा कामात शिरायचं असेल आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर हे टिपण उपयोगी पडेल. आधीच सांगते, यातला एकही शोध माझा नाही. कृष्णवर्णीय इतिहासकार, ग्रंथपाल, चर्चमधल्या हौशी अभ्यासक बायका हे काम कित्येक दशकं करत आल्या आहेत. मी ते वाचलं, मूळ कागदांशी ताडून पाहिलं आणि मराठीत आणलं.

कॉलेजचं नाव वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये ते निघालं. १९७० मध्ये तिथे मुलगे आले, नाव बदललं, पुढे विलीनीकरणं झाली आणि आज तो वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. जुनी कागदपत्रं विद्यापीठाच्या लेगसी सेंटर या अभिलेखागारात आहेत आणि त्यांतली बरीचशी स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत आहेत. म्हणून पहिला सल्ला हाच, की घरबसल्या जे दिसतं ते आधी संपवा. दोन महिने मी रात्री मुलं झोपल्यावर तेच केलं.

आनंदीबाईंचा तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. १८८५ च्या ऑक्टोबरातला. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाहून आलेल्या सबात इस्लामबुली. परदेशी विद्यार्थिनी म्हणून तिघींना एकत्र बसवलेलं. त्या फोटोमुळे माझ्याही डोक्यात असंच होतं की त्या कॉलेजात या तिघी वेगळ्या आणि बाकी सगळ्या गोऱ्या. मग कॉलेजची वार्षिक माहितीपत्रकं चाळायला घेतली. दर वर्षी छापलेलं एक पुस्तिकेवजा पत्रक असतं, त्यात अभ्यासक्रम, फी, प्राध्यापक आणि शेवटी विद्यार्थिनींची नावं. १८८८ च्या पदवीधरांत एक नाव आहे व्हेरिना हॅरिस. पुढे लग्नानंतर डॉ. व्हेरिना मॉर्टन जोन्स. ती १८८४ मध्ये कॉलेजात आली. आनंदीबाई १८८३ च्या ऑक्टोबरात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. म्हणजे दीडेक वर्ष तरी दोघी एकाच इमारतीत, त्याच दालनांमध्ये वावरत होत्या. दोघींचं जन्मसालही एकच, १८६५.

फलकावर ‘मैत्रिणी’ असं लिहायचा मोह फार झाला. पण दोघी एकमेकींशी बोलल्याचा कागद हातात नसताना ते लिहिणं म्हणजे मालिका लिहिणं. मी ‘एकाच काळात शिकणाऱ्या’ एवढंच लिहिलं.

एप्रिलमध्ये अभिलेखागाराला ईमेल पाठवला. इथे सगळ्यांना एक सांगावंसं वाटतं, की ‘मला कृष्णवर्णीय विद्यार्थिनींबद्दल माहिती हवी आहे’ असं मोघम पत्र पाठवू नका. आपण कोण, कशासाठी हवं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणती नावं आधीच सापडली आहेत आणि सूचीमधले कोणते खोके, कोणती फोल्डर बघायची आहेत, हे एका पानात लिहा. सूची इंटरनेटवर असते. ती वाचायला कंटाळवाणी असली तरी वाचा. उत्तर यायला तीनेक आठवडे लागले. मधल्या काळात मी रोज इनबॉक्स बघत होते आणि ‘पीएचडी नाही, संस्था नाही, आपल्याला कोण दारात उभं करणार’ असं वाटत होतं. ते भय अनाठायी ठरलं. या देशातल्या बहुतेक अभिलेखागारांत सामान्य माणसालाही येता येतं. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ, एवढं पुरतं.

मे महिन्यात रजा टाकून वाचनकक्षांत बसायला सुरुवात केली. ड्रेक्सेलखेरीज शहरातल्या इतरही ग्रंथालयांत जावं लागलं, पण नियम सगळीकडे साधारण सारखेच. पर्स, डबा, पाण्याची बाटली, पेन बाहेर लॉकरमध्ये. आत फक्त शिसपेन्सिल, वही किंवा लॅपटॉप. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं आणि कागदांचा क्रम हलवायचा नाही. कागदाला हातमोजे लागत नाहीत, धुतलेले कोरडे हात चालतात. मोजे फोटोंसाठी. मोबाइलने फोटो काढू देतात, फ्लॅश बंद ठेवून. हे फोटो काढताना एक शिस्त लावून घ्या. प्रत्येक फोल्डर उघडलं की आधी त्याच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो, मग आतल्या कागदांचे. नाहीतर घरी आल्यावर चारशे फोटोंमधून कोणतं पत्र कोणत्या खोक्यातलं हे शोधताना डोळ्यांत पाणी येतं. थंडीत लागतो तसा स्वेटर मे महिन्यातही न्या. कागदांसाठी खोल्या गार ठेवलेल्या असतात.

आनंदीबाईंचं १८८३ च्या जूनमधलं प्रवेशाचं पत्र या संग्रहातलं नावाजलेलं पत्र आहे. आपल्याकडे प्रवेशासाठी लागणारी पूर्वतयारी नाही हे त्या मान्य करतात, आणि मग म्हणतात की आप्तस्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने मी इथवर आले तो जमेस धरावा. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. हे पत्र आल्फ्रेड जोन्स नावाच्या गृहस्थांना उद्देशून आहे. ते कॉलेजच्या कारभाराचे सचिव. हे नाव मी वहीत टिपून ठेवलं आणि त्याचा पुढे फार फायदा झाला, कारण १९०७ मध्ये मटिल्डा एव्हान्सनेही याच आल्फ्रेड जोन्सना पत्र लिहिलेलं आहे. मटिल्डा कृष्णवर्णीय, १८९७ ची पदवीधर. साउथ कॅरोलायनात कोलंबिया गावी तिने १९०१ मध्ये टेलर लेन हॉस्पिटल काढलं. पत्रात ती आपल्या कामाचा हिशेब देते आणि आणखी एका कृष्णवर्णीय मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, तिला मदत मिळेल का असं विचारते. विद्यार्थिनींच्या नावाच्या फायलींत जे नसतं, ते कारभाऱ्यांच्या पत्रव्यवहारात असतं. फी कोणी माफ करायची, खोली कोणी द्यायची, शिष्यवृत्ती कुठून आणायची, हे सगळं सचिवाच्या टेबलावरून जातं.

एलायझा ग्रायरचं पत्रही तसलंच. तिचा जन्म गुलामगिरीतला. १८९० मध्ये टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठातून तिने या कॉलेजला लिहिलं. त्यात ती आधी सांगते की माझ्याकडे पैसा नाही आणि कष्ट केल्याशिवाय तो येण्याचा मार्गही नाही. मग सरळ विचारते, की एक वर्ष काढायला किती खर्च येतो, अभ्यासात अडथळा येणार नाही असं काही काम तिथे मिळेल का, आणि गुलामगिरीतून सुटलेल्या बाईला एवढ्या मोठ्या पेशात शिरायला मदतीची काही वाट तुम्हाला ठाऊक आहे का. मी हे पत्र शिसपेन्सिलीने अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. फोटो काढता येत होता, तरीही. हाताने उतरवताना वाक्य कुठे थांबतं, बाई कुठे संकोचते आणि कुठे कणा ताठ करते, ते कळतं. शिक्षण मध्येमध्ये थांबवत, कापूस वेचून पैसे उभे करत १८९७ मध्ये ती डॉक्टर झाली आणि त्याच वर्षी तिने जॉर्जियात परवाना घेतला. १९०१ मध्ये आजारी पडली तेव्हा तिने स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी यांना मदतीसाठी लिहिलं आणि त्यांनी ते पत्र कॉलेजकडे धाडलं. १९०२ मध्ये ती गेली. डॉक्टर म्हणून तिला जेमतेम पाच वर्षं मिळाली. त्या दिवशी मला पुढचा खोका उघडवेना, लवकर निघाले.

आता कामातला खरा पेच. कॉलेजच्या छापील याद्यांत नाव असतं आणि कुठली ते असतं. वंश नसतो. म्हणजे कॉलेजने कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश दिला हे चांगलंच झालं, पण त्या कोण हे यादीवरून कळायची सोय नाही. ज्यांची पत्रं टिकली किंवा ज्या पुढे नावारूपाला आल्या, त्याच कळतात. ज्या अर्ध्यातून गेल्या किंवा कुठल्याशा गावात मुकाट्याने प्रॅक्टिस करत राहिल्या, त्या यादीत असूनही अदृश्य. पदवी न घेतलेल्यांचं तर विचारूच नका. सेरा मॅप्स डग्लस या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १८५० च्या दशकातच इथली व्याख्यानं ऐकली आणि पुढे स्वतः आपल्या समाजातल्या बायकांना शरीरशास्त्र शिकवलं. पण पदवीधरांच्या यादीत ती येत नाही.

म्हणून मी उलट्या बाजूने निघाले. ‘पहिल्या’ बायका सोडून द्यायच्या आणि वर्षवार पूर्ण यादी घ्यायची. एक तक्ता केला. कॉलेजातलं नाव, लग्नानंतरचं नाव, साल, पुरावा एक, पुरावा दोन, शेरा. नियम असा, की एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे असल्याशिवाय नाव पक्कं धरायचं नाही. आणि फोटो हा पुरावा नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या पिवळट फोटोकडे बघून ‘ही कृष्णवर्णीय दिसते’ असं ठरवणं मला बरोबर वाटलं नाही.

लग्नानंतरचं नाव हा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो. कल्याणच्या यमुनेची आनंदी झाली हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण दोन्ही नावांनी शोधतो. इथेही तेच करावं लागतं. डॉ. कॅरोलाइन स्टिल अँडरसन म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती १८७८ मध्ये पदवी घेताना पहिल्या नवऱ्याच्या, वायली या आडनावाने होती. गुलामांना पळून जायला मदत करणारे आणि त्या सगळ्यांच्या हकिगती लिहून ठेवणारे विल्यम स्टिल हे तिचे वडील. हॅली टॅनर डिलन ही १८९१ च्या तुकडीतली छत्तीस जणींत एकटीच कृष्णवर्णीय. तिचं टॅनर हे माहेरचं, डिलन हे वारलेल्या पहिल्या नवऱ्याचं, आणि पुढे जॉन्सन.

जून ते ऑगस्ट जनगणनेत गेला. अमेरिकेची जुनी जनगणना घराघराची आहे. नाव, वय, धंदा, जन्मस्थान आणि वंशाचा रकाना. फॅमिलीसर्च या साइटवर खातं उघडून ती मोफत बघता येते. पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशांना राज्याच्या अभिलेखागारामार्फत अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवरची या राज्याची कागदपत्रंही फुकट मिळतात. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते वर्गणी भरत बसतात. अडचण अशी की १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली, आगीतून वाचलं ते पाण्याने भिजलं आणि पुढे नष्ट झालं. म्हणजे १८८० नंतर थेट १९००. मला हवी असलेली नेमकी वीस वर्षं मधे रिकामी.

वंशाचा रकानाही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. तो दारात उभा राहिलेला गणक भरायचा, बहुतेकदा बघून. बी म्हणजे काळा, एमयू म्हणजे मिश्र, डब्ल्यू म्हणजे गोरा. एका घराचं पान मी स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळ बघत बसले होते. संगणकाच्या सूचीत घरातल्या पाचही माणसांपुढे डब्ल्यू होतं. मूळ पानावर मात्र पहिल्या ओळीत एम आणि त्याला चिकटलेला यू, आणि खाली चार वेळा ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा. एमचे पाय जरा वर गेलेले, म्हणून टंकलेखन करणाऱ्याने ते डब्ल्यू वाचलं आणि खालचं सगळं घर गोरं झालं. त्यामुळे सूचीवर कधीही थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा उघडाच.

सरकारी नोंदींइतकाच भरवसा मी वर्तमानपत्रांवर ठेवला. फिलाडेल्फियात एएमई (आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल) या कृष्णवर्णीयांच्या चर्चचं ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ निघायचं. हॅलीचे वडील बेंजामिन टॅनर बरीच वर्षं त्याचे संपादक होते. कोण कुठे शिकायला गेली, कोणाच्या पदवीदान समारंभाला कोण आलं, असल्या बारीकसारीक बातम्या तिथेच सापडतात, गोऱ्यांच्या दैनिकांत नाही. अशी जुनी वर्तमानपत्रं पैसे भरायच्या डेटाबेसमध्ये असतात, पण मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे त्यांची वर्गणी असते. कार्ड दाखवून तिथल्या संगणकावर बसा. एका ग्रंथालयात मायक्रोफिल्मचं यंत्र बंद होतं आणि ‘पुढच्या आठवड्यात सुरू होईल’ हे मी दीड महिना ऐकलं. जायच्या आधी फोन करा.

या सगळ्यात मी गुंतत गेले ती रेबेका कोलमध्ये. जन्म फिलाडेल्फियाचा, १८४६. १८६७ मध्ये या कॉलेजातून पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि अख्ख्या देशात रेबेका ली क्रम्प्लरनंतरची दुसरी. डोळ्याच्या रचनेवर तिने लिहिलेला प्रबंध इंटरनेटवर पानन्‌पान वाचता येतो. न्यूयॉर्कला एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या दवाखान्यात ती गरिबांच्या घरोघरी जाऊन आया-बाळांची काळजी कशी घ्यायची ते शिकवायची. १८७३ मध्ये फिलाडेल्फियात परत येऊन शार्लट अ‍ॅबी यांच्याबरोबर तिने गरीब बायका-मुलांना वैद्यकीय आणि कायद्याची मदत देणारं केंद्र काढलं. १८९६ मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीय लोक क्षयाने जास्त का मरतात याची कारणमीमांसा करताना आरोग्याच्या सवयींबद्दलच्या अज्ञानाकडे बोट दाखवलं, तेव्हा ‘वूमन्स इरा’ या कृष्णवर्णीय बायकांच्या नियतकालिकातून हिने त्यांना उत्तर दिलं. तिचं म्हणणं असं, की हे आकडे भरले कोणी? गोरे डॉक्टर काळ्या रोग्याची नीट चौकशी न करता कारण लिहून मोकळे होतात. आणि कोंदट खोल्या भाड्याने देऊन पैसे करणाऱ्या घरमालकांवर कायदा आणा, माणशी किती हवा हवी ते ठरवा. नोंदवह्या उपसत बसलेल्या मला हे वाचून जे वाटलं ते कसं सांगू! नोंद कोण करतो याचा हिशेब तिने सव्वाशे वर्षांपूर्वीच मागून ठेवला होता.

तिचा फोटो मात्र नाही. इंटरनेटवर ‘डॉ. रेबेका कोल’ म्हणून जे चेहरे फिरतात ते दुसऱ्याच बायकांचे आहेत. मंडळातल्या एका ताईंनी मला तसला एक सुंदर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘अगं हा घे ना, मोकळी जागा कशी दिसेल?’ असं विचारलं. मी तिच्या फलकावर प्रबंधाचं पहिलं पान लावलं. ताई अजून थोड्या नाराज आहेत.

सप्टेंबरमध्ये शहरातल्या एका जुन्या चर्चच्या इतिहास समितीकडे गेले. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मे, लग्नं, सभासदांच्या याद्या असतात आणि माझा ‘पुरावा दोन’ बऱ्याचदा तिथेच असणार होता. समितीच्या प्रमुख बाई सत्तरीच्या. त्यांनी चहा दिला, माझा तक्ता शांतपणे पाहिला आणि विचारलं, ‘‘तू हे घेऊन जाणार. आम्हाला काय देणार?’’ प्रश्न रोखठोक होता आणि रास्त होता. यांच्या आज्या-पणज्यांची माहिती गोळा करून लोक पुस्तकं छापतात, पदव्या मिळवतात, आणि चर्चला साधी प्रतही येत नाही. शेवटी ठरलं ते असं, की मी दर आठवड्याला शनिवारी येऊन त्यांच्या जुन्या वह्या स्कॅन करायच्या, मूळ स्कॅन चर्चकडे राहणार, आणि कुठल्याही हयात कुटुंबाबद्दल काही लिहायचं तर आधी त्यांना दाखवायचं. नोव्हेंबरपर्यंत ते केलं. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी हा करार पहिल्याच भेटीत, समोरून विचारायच्या आधी मांडावा.

त्याच बाईंनी मला ईडन दफनभूमीत जायला सांगितलं. शहराला लागून कॉलिंगडेल गावात आहे, १९०२ पासूनची, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेली. रेबेका कोल तिथे आहे, विल्यम स्टिल आहेत, गायिका मॅरियन अँडरसन आहेत. अशा ठिकाणी आधी कार्यालयात जाऊन विभाग आणि ओळ लिहून घ्या. नुसतं फिरून काही सापडत नाही.

आता ‘पहिली’ या बिरुदाबद्दल. फलक लिहायला बसल्यावर लक्षात आलं की निम्मी भांडणं याच शब्दावर आहेत. साउथ कॅरोलायनातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर म्हणून काही ठिकाणी मटिल्डा एव्हान्सचं नाव येतं, काही ठिकाणी ल्यूसी ह्यूज ब्राउनचं. ल्यूसी याच कॉलेजची, १८९४ ची, म्हणजे मटिल्डाच्या तीन वर्षं आधीची. हॅली टॅनर डिलनबद्दल मात्र वाद नाही. बुकर वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ती अलाबामात टस्कीगीला, त्यांच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेत गेली, १८९१ मध्ये अलाबामाची कित्येक दिवस चालणारी परीक्षा पास झाली, आणि त्या राज्यात परवाना मिळवणारी पहिली स्त्री डॉक्टर ठरली. काळ्या-गोऱ्या सगळ्यांत पहिली. व्हेरिना हॅरिसचंही मिसिसिपीत तसंच. मी शेवटी फलकांवरून ‘पहिली’ हा शब्द जिथे जमेल तिथे काढून टाकला आणि त्या जागी त्या बाईने काय केलं ते लिहिलं. कॅरोलाइन अँडरसनला बॉस्टनच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलने वर्णावरून उमेदवारीची (इंटर्नशिपची) जागा नाकारली होती. ती स्वतः जाऊन मंडळासमोर उभी राहिली आणि नेमणूक घेऊन आली. यापुढे ‘पहिली’ला काय किंमत?

ऑक्टोबर ते डिसेंबर परवानग्यांत गेले. अभ्यासासाठी काढलेला फोटो वेगळा आणि प्रदर्शनात लावायची प्रतिमा वेगळी. दुसरीसाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, आणि खाली कोणत्या संग्रहातून घेतली ती ओळ जशी सांगतील तशीच. एका संस्थेने आम्हाला व्यावसायिक दराने बिल पाठवलं. मंडळ ना-नफा आहे याचं पत्र, नोंदणीचा क्रमांक, तिकीट नसल्याचा खुलासा असं सगळं पाठवल्यावर ते कमी झालं, पण त्यात महिना गेला. अर्जासोबतच ही कागदं जोडून द्या. एकूण खर्च प्रतिमा, झेरॉक्स, पार्किंग आणि आठ फलकांची छपाई धरून सातशे डॉलरच्या आसपास आला, त्यातले पाचशे मंडळाने दिले.

ते पाचशे मंजूर करून घेताना मात्र कस लागला. बैठकीत आमचे एक ज्येष्ठ काका, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, ‘‘अगं, आनंदीबाईंचं ठीक आहे. पण या बाकीच्यांचं आपल्या मंडळाला काय?’’ मी म्हटलं, ‘‘काका, जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केलं?’’ त्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना. ‘‘मग ज्यांची मुक्ती झाली, त्यांच्या मुली पुढे काय शिकल्या हे आपण दीडशे वर्षांनी बघायला नको का?’’ काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की तो तक्ता मला पाठव, साल आणि नावं मी तपासून देतो. पुढचे तीन महिने त्यांनी ते बँकेच्या खातेवहीसारखं तपासलं, हिरव्या शाईत.

यंदाच्या मार्चमध्ये आठही फलक लागले. पहिला आनंदीबाईंचा, शेवटचा मोकळ्या जागांचा. त्यावर मी ज्यांचा एकच पुरावा मिळाला त्या नावांपुढे ‘अद्याप निश्चित नाही’ असं छापलं. लोकांनी सगळ्यात जास्त वेळ तोच वाचला आणि सगळ्यात जास्त हुज्जतही त्यावरच घातली. चर्चमधल्या बाई नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोन ठिकाणी मजकूर बदलायला सांगितला, तो बदलून फलक पुन्हा छापून घेतले.

आता माझ्यासमोर १८९२ ची यादी आहे. त्या तुकडीत अ‍ॅलिस वुडबी मॅकेन आहे, जिने पुढे जॉर्जियात सव्हाना इथे कृष्णवर्णीय परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं आणि नवऱ्याबरोबर हॉस्पिटल काढलं. त्याच तुकडीत आपल्या गुरुबाई करमरकर आहेत, ज्या परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये डॉक्टर म्हणून काम करत राहिल्या. दोघी वर्गभगिनी. मिशनच्या मूळ संस्थेची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तिथला अर्ज मी टाकला आहे आणि नोव्हेंबरातली तारीख मिळाली आहे. मुंबई, सोलापूर किंवा अहिल्यानगरला मिशनच्या जुन्या दप्तरांशी कुणाची ओळख असेल आणि गुरुबाईंची कॉलेजच्या दिवसांतली पत्रं कुठे पाहण्यात आली असतील, तर नुसता संग्रहाचा पत्ता आणि फाइलचा क्रमांक कळवा. पुढचं पत्रव्यवहाराचं मी बघते.